गुलअफशां बागेतला अननस

आमच्या उर्दू शाळेत मी सातवीला इतिहास शिकवते. २०२२ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. फळ्यावर ‘पानिपतची पहिली लढाई – १५२६’ असे लिहून मी वळले, तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी होती. तिला काही विचारायचे होते, पण शब्द फुटत नव्हता. मी म्हटले, “बोलो बेटा.” ती म्हणाली, “आपा, अपन बाबर के साथ आये थे क्या?”

वर्ग हसला. मीही हसले. मग तिने सांगितले ते असे : सुट्टीत ती अम्मीबरोबर एस.टी.ने मामाच्या गावी निघाली होती. शेजारच्या बाईंनी प्रेमाने चौकशी केली, खाऊ दिला आणि विचारले, “तुम्ही मूळचे कुठले गं?” मुलीने आमच्या तालुक्याचे नाव सांगितले. बाई म्हणाल्या, “तसं नाही. मूळचे म्हणजे, बाहेरून कुठून आलात?” त्या बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच बहुधा तो प्रश्न मुलीच्या मनात रुतून बसला.

या मुलीच्या वडिलांचा मंडईत फळांचा गाळा आहे. आजाही तेच करायचे. आमच्या गावातल्या बागवान मोहल्ल्यातले हे जुने घर. बाबराशी त्यांचा संबंध किती? माझा जितका, तितकाच. म्हणजे काही नाही. मी तिला सरळ तसे सांगितले. ती खाली बसली, पण तिचे समाधान झाले नाही हे दिसत होते. तास संपला. माझेही समाधान झाले नव्हते. “आपण बाहेरचे नाही” एवढे सांगून मी तिला प्रश्नातून सोडवले होते. पण जे बाहेरून आले त्यांचे पुढे काय झाले, हा खरा इतिहासाचा प्रश्न होता आणि तो मी टाळला होता.

त्या आठवड्यात मी ‘बाबरनामा’ पुन्हा काढला. लढायांसाठी नव्हे, फळवाल्याच्या मुलीला काय सांगावे ते शोधण्यासाठी. आणि मला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त फळे त्या पुस्तकात निघाली.

बाबराचे खरबूज

बाबर १४८३ मध्ये फरगान्यात जन्मला. आपल्या आठवणी त्याने चगताई तुर्कीत लिहिल्या, आणि मुलूख कोणताही असो, तिथली फळे कोणती हे सांगितल्याशिवाय तो पुढे जात नाही. मर्गिनानची डाळिंबे आणि जर्दाळू, अख्सीची खरबुजे, समरकंदची सफरचंदे. हातची गेलेली गावे तो फळांच्या नावांनी आठवतो. आपल्याकडची म्हातारी माणसेही माहेरची आठवण अशीच काढतात. मग ते बोरीच्या झाडाची असो की विहिरीच्या पाण्याची.

हिंदुस्थान जिंकल्यावर त्याने या देशातल्या उणिवांची जी यादी दिली, ती प्रसिद्ध आहे. चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, हमाम नाहीत, मदरसे नाहीत. ही यादी वाचून अनेकांना राग येतो. मला तो नव्याने बदलून आलेल्या नोकरदाराचा त्रागा वाटतो. शिवाय बाबराने सगळा हिंदुस्थान पाहिलाही नव्हता. आपल्या दौलताबादची द्राक्षे आणि डाळिंबे त्याच्या दोनशे वर्षे आधी इब्न बतूताने पाहिली होती आणि ती वर्षातून दोनदा येतात, असे नोंदवले होते. पण दौलताबादपर्यंत बाबर पोहोचला नाही. आग्र्याच्या उन्हाळ्यावरून त्याने देशाचा निकाल दिला. त्याच ओघात त्याने इथला पाऊस, कारागिरांची विपुलता यांचे कौतुकही केले आहे, हे मात्र विसरले जाते.

आंब्याबद्दल त्याचे मत बेताचे होते. चांगला निघाला तर फारच चांगला, पण बरेच खावेत तेव्हा एखादा उत्तम निघतो. लोक खरबुजाच्या खालोखाल त्याला मान देतात, तेवढी काही त्याची लायकी नाही, असे त्याचे म्हणणे. फणस तर त्याला दिसायलाच भयंकर वाटला. बकऱ्याच्या पोटाला भरून शिवावे तशी त्याची उपमा आहे. केळ्याचे दोन गुण मात्र त्याने मान्य केले : साल सहज निघते आणि आत बी किंवा दोरा नसतो.

१५२९ च्या सुरुवातीला काबूलमधल्या आपल्या जुन्या सोबत्याला, ख्वाजा कलानला, त्याने एक पत्र लिहिले. त्या पत्रात आहे की कोणीतरी त्याच्यापुढे खरबूज आणून ठेवले, ते कापून खाताना त्याला घराची इतकी आठवण झाली की रडू आवरेना. दिल्लीच्या सुलतानाचा पराभव करणारा माणूस एका फोडीपुढे रडला आणि ते त्याने लपवले नाही.

पण बाबर नुसता रडत बसला नाही. आग्र्याला आल्याबरोबर त्याने यमुनेच्या पलीकडच्या काठावर बागेसाठी जागा शोधली. जागा इतकी ओसाड होती की तिथून परत फिरावे असे त्याला वाटले. तरीही आधी विहीर खणली, मग हौद, हमाम, फुलांचे वाफे. लोकांनी अशी आखीव बाग पाहिली नव्हती; ते त्या काठाला ‘काबूल’ म्हणू लागले. आणि या बागेत त्याने द्राक्षाचे वेल लावले, बल्खहून आलेल्या एका बागवानाला खरबुजे लावायला सांगितले. १५२९ च्या उन्हाळ्यात त्या बल्खी बागवानाने काही लहान पण उत्तम खरबुजे आणून दिली. वेलींनाही बरी द्राक्षे आली. हिंदुस्थानात अशी फळे निपजली याचे बाबराला मनापासून समाधान वाटले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १५३० मध्ये, तो वारला.

त्या बल्खी बागवानाचे नाव बाबराने लिहिलेले नाही. सरदारांची, घोड्यांची, बागांची नावे आहेत. ज्याने परक्या मातीत बी टाकून, पाणी घालून, आग्र्याच्या लूमध्ये वेल जगवला, तो मात्र ‘बल्खी’ म्हणूनच राहिला. मी वर्गात हे सांगितले तेव्हा त्या मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

फळांची ही ने-आण एकतर्फी नव्हती, हेही सांगायला हवे. जलालाबादजवळ बाबराने १५०८-०९ च्या सुमारास बाग-ए-वफा लावली होती. लाहोर-दिपालपूरच्या मोहिमेनंतर त्याने तिथे केळीचे कोंब नेऊन लावले आणि ते चांगले वाढले. त्याआधी ऊसही लावला होता. त्यातला काही त्याने बदख्शान आणि बुखाऱ्याकडे पाठवला. म्हणजे ज्या हिंदुस्थानात काही नाही अशी तक्रार, त्याच हिंदुस्थानचे केळ तो स्वतःच्या बागेत हौसेने वाढवत होता.

फिरंगी बंदरातले फळ

बाबर काबूलच्या आठवणी काढत होता, त्याच काळात एक वेगळेच फळ समुद्रावरून आपल्या दिशेने निघण्याच्या तयारीत होते. अननसाचे मूळ घर दक्षिण अमेरिका. तिथले लोक तो कित्येक शतके लावत आणि वाटेत नवनव्या बेटांवर नेत. नोव्हेंबर १४९३ मध्ये, दुसऱ्या सफरीत, कोलंबसाच्या माणसांनी ग्वादलूप बेटावर तो पहिल्यांदा पाहिला. स्पॅनिश लोकांना तो चीडाच्या बोंडासारखा दिसला, म्हणून त्यांनी तसेच नाव दिले, इंग्रजांचेही तसेच. पोर्तुगीजांनी मात्र ब्राझीलच्या तुपी लोकांचा ‘नानास’ हा शब्दच उचलला. तोच अरबी-फारसीत गेला, उर्दूत ‘अनन्नास’ झाला, मराठीत ‘अननस’. आपण मंडईत भाव विचारताना ब्राझीलच्या जंगलातल्या माणसांचा शब्द उच्चारत असतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्शोटेन याने आपल्या ग्रंथात अननसाचे वर्णन केले, तोवर तो तिथे चांगलाच रुजला होता. कोकण-गोव्याची लाल माती, दमट हवा, पाऊस हे सगळे त्याला मानवले. आज मालवण-गोव्याकडच्या लग्नात अननसाचे सासव असते. ते करणाऱ्या एकाही घरात हे फळ परके आहे असे कोणाच्या मनात येत नाही.

पण ज्या जहाजांतून अननस आला, ती जहाजे काही माळ्यांची नव्हती. १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेताना पोर्तुगीजांनी तिथल्या मुसलमान वस्तीची कत्तल केली. पुढे शतकभर अरबी समुद्रात त्यांच्या परवान्याशिवाय जहाज हाकारणे कठीण होते. हजला जाणाऱ्यांनाही तो परवाना घ्यावा लागे. फळाचा इतिहास सांगताना हे वगळले तर तो गोड होईल, पण खरा होणार नाही.

आईनमधले चार दाम

कोकणातून हे फळ आग्र्याला कसे रुळले, याचा उत्तम पुरावा अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. अकबराला फळांचे वेड होते. इराण-तुरानचे बागाईतदार येऊन इथे स्थायिक झाले आणि झाडांची लागवड भरभराटली, असे अबुल फजल लिहितो. फळांचे भावही तो देतो. उत्तम आंबे शेकडा चाळीस दामांपर्यंत. अननस मात्र एकाला चार दाम. एका रुपयाचे चाळीस दाम. मी मुलांना गणित घातले : अकबराच्या काळात एक रुपयात आंबे किती आणि अननस किती? आंबे शंभर, अननस दहा. म्हणजे एक अननस दहा आंब्यांच्या मोलाचा. मुलांना हे भलतेच अन्यायाचे वाटले.

अबुल फजल सांगतो की अननसाला ‘कटहल-ए-सफरी’, म्हणजे प्रवासातला फणस, असेही नाव होते. कारण त्याचे रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येते आणि तिथेही ते फळ देते. आकार-रंग लांबट संत्र्यासारखा, चव आणि वास आंब्याचा, असे तो म्हणतो. न पाहिलेले फळ समजावून सांगायचे तर पाहिलेल्या फळाचाच आधार घ्यावा लागतो. फणस, संत्रे, आंबा या तीन ओळखीच्या फळांनी मिळून या पाहुण्याला दारात घेतले. लागवडही तो सांगतो : फळ काढल्यावर डोक्यावरची पाने कापायची, सुटी करायची आणि एकेक जमिनीत लावायची. एका झाडाला एकदाच आणि एकच फळ येते.

हा उतारा वाचून मला बी.एड.मध्ये शिकलेले ‘कृतीतून शिक्षण’ आठवले. चारशे वर्षांपूर्वीची कृती हातात आहे, तर करून का पाहू नये? त्याविषयी पुढे सांगते.

पणतूची आवड

अबुल फजलचा शेवट वाईट झाला. १६०२ मध्ये दख्खनहून परतताना त्याचा खून झाला आणि तो शहजादा सलीमच्या, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहाच्या सांगण्यावरून झाला. जहांगीरने ते स्वतःच्या आत्मचरित्रात कबूल केले आहे. अननस कसा लावावा हे लिहून ठेवणारा माणूस आणि ज्याच्या बागेत अननस हजारोंनी पिकला तो बादशहा, यांच्यामध्ये हे रक्त आहे. इतिहासात फळे आणि खून एकाच पुस्तकात, कधी एकाच पानावर येतात.

‘तुझुक-ए-जहांगीरी’च्या सुरुवातीलाच आग्र्याचे वर्णन आहे. यमुनेपलीकडे बाबराने लावलेल्या चारबागेचे नाव जहांगीर ‘गुलअफशां’ असे देतो. (आज त्या काठावर रामबाग दाखवतात, आणि ते मूळ आरामबाग होते असे सांगतात.) पुढे तो लिहितो की दुसऱ्या देशांतली जी फळे हिंदुस्थानात मिळत नसत, ती आपल्या वडिलांच्या काळात मिळू लागली. साहिबी, हबशी, किशमिशी जातींची द्राक्षे गावोगाव झाली, लाहोरच्या बाजारात तर हंगामात हवी ती मिळतात. मग तो अननसाकडे वळतो. फिरंग्यांच्या बंदरांत होणारे हे अतिशय सुगंधी आणि चवदार फळ. आणि गुलअफशां बागेत दरवर्षी ते हजारोंनी येते.

ज्या बागेत पणजोबाने बल्खचे खरबूज आणि द्राक्षवेल रुजवले, त्याच काठावर पणतूने ब्राझीलचे अननस पिकवले. आग्र्याचा उन्हाळा आणि थंडी दोन्ही अननसाला मानवणारी नाहीत. धुके-दहिवर पडले तर तो करपतो. कोकणातले फळ तिथे हजारोंनी घेणे म्हणजे किती हातांनी किती वाफे झाकले, किती मशका पाणी घातले असेल, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. युरोपातल्या श्रीमंतांना काचेच्या उबदार घरांत अननस फळाला आणायला सतराव्या शतकाचा शेवट उजाडला. आग्र्याच्या माळ्यांनी ते त्यांच्या आधी, उघड्या आकाशाखाली साधले होते. १६१६ पासून काही वर्षे मोगल दरबारी असलेल्या सर टॉमस रो या वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी याला इथे अननसाची चव मिळाली, तेव्हा स्ट्रॉबेरी, मद्य, गुलाबपाणी आणि साखर एकत्र केल्यासारखी ती त्याला लागली.

जहांगीरला परदेशी चिजांची हौस होतीच. मुकर्रब खानाला त्याने गोव्याला पाठवले आणि फिरंगी मागतील ती किंमत देऊन दुर्मीळ वस्तू आणायला सांगितले. १६१२ मध्ये खानाने आणलेल्या प्राण्यांत टर्की कोंबडा होता. त्याचे चित्र दरबारी चितारी मन्सूरच्या हातचे आजही पाहायला मिळते. पण लगेच पुढच्या वर्षी, १६१३ मध्ये, बादशहाच्या आईचे, मरियम-उज-जमानीचे, हज-व्यापाराचे मोठे जहाज ‘रहीमी’ पोर्तुगीजांनी परवाना असतानाही सुरतेजवळ पकडले. जहांगीरने फिरंग्यांचा व्यापार अडवला, दमणवर फौज पाठवली. वैर असे पेटले, पण फिरंगी फळावर कोणी राग काढला नाही. त्यावेळच्या माणसांना माल आणि वैरी यांतला फरक कळत होता.

मला सगळ्यांत जास्त भावली ती या वर्णनाच्या जोडीला आलेली एक कबुली. काबूलची फळे कितीही गोड असोत, माझ्या जिभेला त्यांतल्या एकालाही आंब्याची सर नाही, असे जहांगीर म्हणतो. बाबर खरबुजापायी रडला आणि आंब्याला त्याने मागची जागा दिली. अवघ्या तीन पिढ्यांनंतर त्याचा पणतू काबूलच्या फळांपेक्षा आंबा वर ठेवतो, आणि आपण काही मोठे सांगतो आहोत असे त्याला वाटतही नाही. जीभ इथली झाली होती. त्यासाठी कोणाचा हुकूम काढावा लागला नाही.

हुकमाने जीभ वळत नाही, याचाही एक किस्सा त्याच पुस्तकात आहे. १५८६ मध्ये अकबराने काश्मीर घेतले तोवर तिथे चेरी नव्हती. मुहम्मद कुली अफशारने ती काबूलहून आणून लावली. तिचे नाव ‘गिलास’. हा शब्द पालीच्या एका नावासारखा वाटतो म्हणून अकबराने तिला ‘शाह-आलू’ म्हणायला लावले. साम्राज्य गेले; काश्मिरी माणूस आजही तिला गिलासच म्हणतो.

तेलाच्या डब्यातली बाग

आता आमच्या कृतीविषयी. आमचे गाव कोरड्या, तापट हवेचे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर जातो. इथे अननस लावणे म्हणजे आग्र्यासारखीच परीक्षा. त्या मुलीच्या अब्बांच्या गाळ्यावरून केरळचे दोन अननस घेतले. पहिल्याची डोक्यावरची पाने अबुल फजलच्या सांगण्याप्रमाणे सुटी केली आणि सहा कुंड्यांत सहा पाने लावली. तीन आठवड्यांत सहाही कुजली.

बागवान चाचांना हे कळले तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, “आपा, लिखने वाले ने अपने हात से नहीं लगाया. माली से पूछ के लिखा, और आधा सुना.” मला हे पटले. अबुल फजल मोठा विद्वान होता, पण मातीत हात घालणारा दुसराच कोणीतरी होता. तो बहुधा शेंड्याच्या बुडाशी फुटणाऱ्या लहान फुटव्यांविषयी बोलला असेल आणि लिहिणाऱ्याने पाने लिहिली.

दुसऱ्या फळाला चाचांची रीत वापरली. शेंडा कापला नाही, पिरगाळून काढला. खालची दोन-तीन इंच पाने सोलली. तीन-चार दिवस सावलीत सुकवला, म्हणजे जखम वाळून कूज धरत नाही. मग तेलाच्या रिकाम्या पंधरा किलोच्या डब्याला खाली भोके पाडली. माती, रेती आणि शेणखत सारखे घालून त्यात शेंडा बसवला. पाणी बेताचे. दीड महिन्याने हलवून पाहिले तर हलेना. मुळे धरली होती.

पुढे नुसती वाट पाहणे. डबा पाण्याच्या टाकीशेजारी लिंबाच्या सावलीत ठेवला होता. थंडीत तो व्हरांड्यात यायचा, मेच्या सुट्टीत आमचे शिपाई मामू त्यावर ओले पोते टाकायचे. ‘कटहल-ए-सफरी’ या नावाचा अर्थ मला डबा उचलताना कळला. पाने करवतीसारखी, पोरांच्या कोपरांवर ओरखडे उठले. पहिले वर्ष गेले, फळ नाही. नव्या सातवीच्या मुलांनी ते शोभेचे झाड आहे असेच धरले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सकाळी पानांच्या मधोमध लाल ठिपका दिसला. मग त्यातून कणसासारखा तांबूस कोंब वर आला आणि त्यावर खालून वर जांभळी-निळी इवली फुले उमलू लागली. प्रत्येक फूल एका दिवसाचे. अशी शंभरावर फुले एकमेकांना चिकटून एक फळ होते, म्हणजे अननसाचा प्रत्येक डोळा हे एकेक फूल, हे मुलांना पुस्तकापेक्षा डब्याने नीट शिकवले. जुलैमध्ये बुडाकडून पिवळेपणा चढला. शाळेच्या गेटपर्यंत वास जाऊ लागला.

फळ होते जेमतेम पाऊण किलोचे. दोन वर्षांपूर्वीची सातवी आता नववीत होती. त्यांच्यासमोर ते कापले. त्रेचाळीस तुकडे केले, प्रत्येकाला नखाएवढा. खरे सांगायचे तर ते आंबट होते. एका मुलाने लगेच डब्यातून मीठ-तिखटाची पुडी काढली. जहांगीरने आमच्या अननसाची स्तुती केली असती असे मला वाटत नाही. पण त्या वासाने मुले गप्प झाली होती, एवढे मी पाहिले.

मूळचे कुठले?

त्या काळात आम्ही वर्गात आणखी एक खेळ केला होता. मंडईतली फळे आणि त्यांची मूळ घरे. पेरू आला अमेरिकेतून आणि त्याचे नाव पोर्तुगीजांच्या नासपतीवरून. पपई अमेरिकेची, चिकू अमेरिकेचा, काजू ब्राझीलचा. अंजिराचे नाव फारसी. आणि सगळ्यांत मोठे नवल म्हणजे सीताफळ. नाव सीतेचे, पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ घर अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात सांगतात. आपल्या डोंगरांनी त्याला इतके सामावून घेतले की ते इथे रानोमाळ वाढते. नावात सीता आली ती त्याला कोणी ‘मूळचा कुठला’ विचारले नाही म्हणूनच.

फळवाल्यांचे नावही असेच. ‘बागबान’ हा फारसी शब्द, बाग राखणारा. मराठीत तो ‘बागवान’ झाला आणि पुण्या-साताऱ्यापासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंतच्या मंडयांत त्या नावाची जमात पिढ्यान्‌पिढ्या फळे-भाजी विकत आली. शब्द बाहेरचा, माणसे इथल्या मातीची, बोली इथली, आणि आंब्याची पारख तर अशी की जहांगीरने ऐकून घ्यावी.

मुलांना मी हे सांगितले, पण एक गोष्ट जपून सांगितली. माणूस म्हणजे फळ नव्हे. अननस इथे रुजला म्हणून कोणी इथले ठरत नाही आणि नसता रुजला तरी कोणी परके ठरले नसते. त्या मुलीचे आजे-पणजे याच तालुक्याच्या मातीत दफन आहेत. तिला इथली ठरण्यासाठी बाबराच्या बागेचा दाखला लागत नाही. बाबर तिचा कोणी लागत नाही. नातेच शोधायचे तर ते त्या निनावी बल्खी बागवानाशी, धंद्याचे आणि हाताचे.

फळ कापले त्या दिवशी ती शेवटपर्यंत थांबली. नववीत आली, उंच झाली होती. मी तिला एस.टी.तल्या बाईंची आठवण दिली. ती म्हणाली, “आपा, वो बात तो मैं भूल भी गई थी.” मग थोडे थांबून म्हणाली, “अब पूछेंगी तो बोलूँगी, मैं मंडई की हूँ. आप कहाँ के?”

डब्यात झाडाच्या बुडाशी दोन फुटवे निघाले होते. ते तिने वेगळे करून सातवीतल्या मुलांना दिले, आणि कापलेल्या फळाचा शेंडा कागदात गुंडाळून घरी नेला. तीन दिवस सावलीत सुकवून मगच लाव, असे मी सांगू लागले, तर म्हणाली, “मालूम है आपा.” बागवानाच्या मुलीला ते मी काय सांगणार?